पण बाई गेली कुठं?

टाइप करता करता तिचं एक बोट अचानक उचललं जाई आणि तसंच हवेत थांबे. ते थांबलं की मी ओळखायचे, आता प्रश्न येणार.

"ताई, ते सगळं ठीक हाय. पन बाई गेली कुठं?"

बाई म्हणजे माझी नायिका. मी वाचनालयांतून हातोहात जाणाऱ्या कादंबऱ्या लिहिते. त्यांना कोणी थोर साहित्य म्हणत नाही, मीही म्हणत नाही. दुपारी जेवणं उरकून आडव्या झालेल्या बायका त्या वाचतात आणि त्यापायी संध्याकाळचा चहा उशिरा करतात, एवढं मला पुरतं. माझ्या नायिका मानी असतात. सोसायचं तेवढं सोसतात आणि शेवटच्या पानावर दार आपटून घराबाहेर पडतात. या आपटलेल्या दारांवर माझं नाव झालं.

अशोकस्तंभाजवळच्या एका गल्लीत टायपिंगचं दुकान आहे. मला अजून कागदावरच सुचतं आणि माझं अक्षर त्या दुकानात फक्त हिलाच लागायचं. घोटीहून रोज एसटीने यायची. पस्तिशीची असेल. ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना, आणि डब्यात बहुतेक वेळा भातच. घरी नवरा आणि ती, मूलबाळ नव्हतं. माहेर हरसूलकडचं, आईवडील गेलेले, भाऊ-भावजय होते. "तिकडं दोन दिवस पाहुनी म्हनून बरं वाटतं," असं ती एकदा सहज म्हणाली होती.

अशा दुकानात तुम्ही कधी बसला असाल तर पाहिलं असेल, टाइप करणारी माणसं मजकूर वाचत नाहीत, नुसती अक्षरं उचलतात. ही वाचायची. मालकाच्या मते हाच तिचा दोष. "मॅडम, तुमची पानं आली की हिचा स्पीड निम्मा होतो," तो कुरकुरायचा.

"ताई, सात पानं झाली, हिनं तोंडात काय टाकलं नाय," ती म्हणायची. मग मी नायिकेला घाईघाईने पोहे खायला घालायचे. एकदा म्हणाली, "तिसऱ्या प्रकरणात हिला लेकरू होतं. निघताना कुनाकडं ठेवलं?" मी ते लेकरू साफ विसरले होते. तिथल्या तिथे त्याला आजोळी धाडलं.

पण 'गेली कुठं'चं उत्तर मी कधी दिलं नाही. "अगं, ती बाहेर पडली, तिथे कादंबरी संपते. बाहेर पडणं महत्त्वाचं."

"पडली ते बरंच केलं. लय कडक बाई. पन संध्याकाळ तर होनारच ना, ताई?"

मी हसायचे. मला ती भाबडी वाटायची. आणि खरं सांगायचं तर, मजकुराची अक्कल मला, टायपिंगची तिला, असा माझा हिशेब होता.

एका उन्हाळ्यात तिचा उजवा हात मनगटाशी सुजलेला होता. आठवडाभर तिने डाव्या हाताने टाइप केलं. "एसटीच्या दारात सापडला," म्हणाली. दारात सापडलेल्या हातावर चार बोटांचे वळ उठत नाहीत, हे कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईला कळायला हवं होतं. कळलंही होतं. पण माझी पानं रखडली होती, आणि मी दारावर विश्वास ठेवला.

त्याच कादंबरीची प्रुफं वाचताना शेवटच्या पानावर मी अडखळले. दार आपटण्याच्या आधी दोन ओळी होत्या, ज्या मी लिहिल्या नव्हत्या. 'निघण्याआधी तिने मावशीला फोन केला होता. मावशी म्हणाली, ये, गादी घालून ठेवते.'

मी तडक दुकानात गेले. "ही मावशी कुठून आणलीस?"

तिने मान वर केली नाही. "ताई, एक मावशी तर लागतीच."

"माझ्या नायिकेला कोणाची गादी लागत नाही. ती स्वतःच्या बळावर बाहेर पडते. काढ त्या ओळी."

तिने काढल्या. दोन ओळी पुसायला किती वेळ लागतो? मालकाने माझी माफी मागितली, तिने नाही. पुस्तक निघालं आणि त्या शेवटाचं फार कौतुक झालं. कणखर, बाणेदार, वगैरे.

त्या कौतुकापोटी एका दुपारी गंगापूर रोडवरच्या काही वाचक मैत्रिणी माझ्या घरी जमल्या होत्या. शाल, नारळ, फोटो. बेल वाजली म्हणून मी दार उघडलं. दारात ती, हातात एक कापडी पिशवी. मला वाटलं, नव्या कादंबरीची पानं घेऊन आली.

"ताई, निघाले मी," ती म्हणाली.

मी तिला मागच्या बाजूने स्वयंपाकघरात नेलं. चहा दिला, बशीत दोन बाकरवड्या ठेवल्या. तिने त्यांना हात लावला नाही. "आजच्या दिस राहू का?" तिने विचारलं. तिचं एक बोट कपाच्या कानापासून उचललेलं होतं.

बाहेरच्या खोलीत बायका माझी वाट बघत होत्या. मी म्हणाले, "आज घर भरलंय गं. उद्या फोन कर, काहीतरी बघू."

"बरं," ती म्हणाली. कप विसळून पालथा घातला, चपला घातल्या आणि गेली. दार तिने हळूच ओढून घेतलं. बाहेर कोणीतरी विचारलं, कोण होती? मी म्हणाले, "टायपिंगवाली." मग मी शाल घेऊन त्या नायिकेविषयी वीस मिनिटं बोलले.

फोन आला नाही. चौथ्या दिवशी मी केला, तो बंद. दुकानात तिची खुर्ची रिकामी. मालक म्हणाला, घोटीला परत गेली असेल. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, नाही, सातपूरला कुठेतरी खोली घेतली म्हणतात. मी घोटीला जाऊन आले. तिच्या घराला कुलूप होतं. ती कुठे गेली, ते मला आजही माहीत नाही. तिला लागणारी मावशी मी होते, आणि मी गादी घातली नाही.

यंदा त्या कादंबरीची नवी आवृत्ती निघाली. त्या दोन ओळी मी परत घातल्या आहेत. एका वाचक बाईंनी कळवलं, की मावशीमुळे नायिका जरा लेचीपेची वाटते, पहिला शेवटच बरा होता. 

दुकानात मी एक प्रत तिच्यासाठी ठेवून आले आहे. अजून कोणी न्यायला आलेलं नाही. पहिल्या पानावर सहीच्या जागी मी माझ्या घराचा पत्ता लिहिला आहे. तो तिला ठाऊक आहेच. एकदा ती येऊन गेली आहे.