पुन्हा वाचलेली कविता

नववीच्या वर्गात बापावरची एक कविता वाचून झाल्यावर मी सवयीने फळ्याकडे वळले आणि प्रश्न लिहायला घेतले. मागून संगीताचा आवाज आला. महिन्यापूर्वीच तिचे वडील गेले होते.

"बाई, आज प्रश्न नको ना. नुसती पुन्हा वाचा."

मी खडू ठेवला आणि कविता सावकाश वाचली. संगीता पुस्तकावर डोकं टेकून रडत होती. शेजारच्या मुलीने तिच्या पाठीवर हात ठेवला. इतकी वर्षं मी कवितांचे अर्थ सांगत आले, पण कवितेला मुलांपाशी थोडा वेळ एकटं सोडावं, हे कधी सुचलंच नव्हतं.

तास संपल्यावर संगीता जवळ आली.

"बाबा गेल्यापासून आज पहिल्यांदा रडू आलं, बाई."