मेलेला चुना

आज आश्विन वद्य नवमी. भिंतींना सफेदी द्यायची म्हणून चुनकळी भिजत घातली, आणि तिची वाफ नाकात जाताच डिलाईल रोडची आमची खोली आठवली. वडील दिव्यांचा गॅस करायच्या कारखान्यात होते. गॅसातला कर्बवायू ज्योत मंद करतो, म्हणून तिथे गॅस ओल्या चुन्याच्या थरांतून नेत. चुना तो वायू आणि गंधकाची घाण शोषून घेई, मग कुचकामी म्हणून फेकला जाई. ताईला एका शाळामास्तर मुलाच्या घरचे पाहायला येणार होते, तेव्हा वडिलांनी तोच चुना घमेलंभर आणून भिंतींना फासला. "चुना तो चुना! विकत कशाला आणायचा?" त्या घाणीने भिंती निळसर पांढऱ्या झाल्या, खोलीभर कुजक्या अंड्यांचा वास सुटला. मुलाचे वडील भिंतीला टेकून बसले. असा मेलेला चुना भिंतीला धरत नाही; उठले तेव्हा काळ्या कोटाची पाठ पांढरी. "अहो, मुलगी दाखवताय की गटार?" म्हणत ते गूळपाण्याला न शिवता गेले. वडील ताईवरच ओरडले, "तुझं नशीबच फुटकं!" पुढे तिला बिजवराला दिली. मी चुना विकतच आणते. तेव्हा मात्र एवढंच जमलं: दुसऱ्या दिवशी सकाळी वडील कामावर जाताच मी विळ्याने भिंत माती दिसेपर्यंत खरवडली, आणि तो चुना त्यांच्याच घमेल्यात भरून उंबऱ्यावर ठेवला.