झाडीत हसणारा माणूस

लोकांच्या प्रतिक्रिया वाचायची मला आधी खोड लागली आणि मग त्यांची भीती वाटायला लागली. उलटं झालं असतं तर बरं झालं असतं.

माझं काम आधी सांगते, नाहीतर काहीच कळायचं नाही. अमेरिकेत अ‍ॅपलाचिया नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या एका मामा-भाच्याची कार्टून मालिका आहे. कार्टून म्हटलं की लोक पोरांना समोर बसवतात, पण ही पोरांची नव्हे. हे मामा-भाचे टेकडीवर एका मोडक्या बसमध्ये राहतात, दारू गाळतात, एकमेकांची आयमाय काढतात आणि दर भागात कुठेतरी तोंडावर आपटतात. वर्षानुवर्षं चाललीय, संपायचं नाव नाही. ती मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलं. संवाद मी लिहिते, आवाज दुसरे लोक देतात आणि शेवटी ते चित्रावर बसवायचं पुन्हा मीच. मुंबईचा स्टुडिओ सोडून पनवेलच्या पुढे लोधिवलीच्या बाजूला घर घेतलं, मागच्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आणि तिथेच दुकान मांडलं.

मामाला मी आमच्या इकडची बोली दिली. हाय-नाय, रं आणि गं. कंपनीतले साहेब फोनवर म्हणाले, "मॅडम, फार गावठी होतंय हो." मी म्हटलं, "मग टेकडीवर दारू गाळणारा माणूस काय बातम्या दिल्यासारखा बोलणार?" त्यानंतर त्यांनी भाषेत तोंड घातलं नाही.

अडलं ते एका हसण्यावर. त्या मालिकेत एक गंमत आहे. मामा आपटला की मागच्या झाडीतून कुणीतरी हसतं. कोण ते कधी दाखवत नाहीत. मामाला ऐकू येत नाही, भाच्यालाही नाही, ते फक्त बघणाऱ्याला ऐकू येतं. तिकडून पाऊस, गाड्या, आदळआपट असे बाकी सगळे आवाज आले, तेवढं हसू आलं नाही. तुमचं तुम्ही भरा म्हणाले. मी चार नट बोलावले. चांगले नावाजलेले, पण एकालाही हसता येईना! एक नाटकातल्या दुष्ट माणसासारखा हसला, एक गिऱ्हाईक आल्यासारखा. माझं डोकं उठलं.

त्याच सुमारास डोंगराखालच्या वाडीतला एक गडी आमच्याकडे कौलं परतायला यायचा. दुपारी भाकरी खायला माझ्या खोलीच्या दारात बसायचा आणि पडद्याकडे बघायचा. एकदा मामा दारूच्या पिंपात पडला. गडी आधी गप्प राहिला. मग त्यानं श्वास आत ओढला आणि तो हसला. मोठ्यानं नाही. हसायची जागा नसताना माणूस तोंड दाबून हसतो ना, तसा, पोटातून, तुकड्यातुकड्यानं. माईक चालूच होता. मी ते पुन्हा लावून ऐकलं. मला हवं तेच मिळालं होतं.

"तुझं हसू वापरू का रं?" मी विचारलं.

"हसू काय वापरायचं, ताई?" तो म्हणाला. "वापरा की. माझ्याकडं लई हाय."

ते भाग नेटवरून लोकांपर्यंत गेले आणि प्रतिक्रिया यायला लागल्या. मामाच्या शिव्यांबद्दल येतील असं मला वाटलं होतं. त्याही आल्या, पण बहुतेक सगळे त्या हसण्याबद्दल बोलत होते. एका बाईनं लिहिलं, भांडी घासताना मोबाईल ओट्यावर होता, मागे कुणी हसलं म्हणून मी पॅसेजमध्ये जाऊन दिवा लावून आले. एकानं लिहिलं, मामा पडायच्या आधीच हा हसायला लागतो, ह्याला आधीच कसं कळतं? एकाला तो शाळेतला कुणीतरी वाटला, नाव आठवत नव्हतं, पण खात्री होती. मी हे सगळं चहा पीत वाचायचे आणि स्वतःवर खूश व्हायचे. माझं काम जमलं होतं.

मग एक प्रतिक्रिया आली, की अमुक भागात मामा पडतच नाही, नुसती बस आणि पाऊस दाखवलाय, तिथेही तो हसतो. मला तिडीक आली. तिथे मी हसू लावलंच नव्हतं. फाईल उघडून पाहिली, नव्हतंच. पण खाली आणखी तिघांनी लिहिलं होतं, आम्हीही ऐकलं. कान तपासून घ्या मेल्यांनो, असं मी एकटीच खोलीत मोठ्यानं म्हणाले. मग कानात हेडफोन घालून तो भाग पहिल्यापासून लावला. पावसाचं दृश्य जवळ आलं तसा मी तो बंद केला. का केला, मला सांगता येणार नाही. भरदुपार होती, बाहेर लख्ख ऊन होतं.

त्या पावसाळ्याच्या शेवटी तो गडी गेला. सकाळी जुन्या मुंबई-पुणे हायवेवरून चालत कामाला निघाला होता, मागून टेंपोनं उडवलं. मला कळलं तोवर सगळं आटोपलं होतं. घरी बायको आणि सहा वर्षांची पोर. पोर तेव्हा आपल्या मामाच्या वाडीला, आईच्या माहेरी होती, तिनं बापाला शेवटचं पाहिलं नाही. बायको पंधरा-वीस दिवसांनी मला भाजी द्यायला आली, रानातली, टोपलीत वर पानं झाकून. रडली नाही. मी तिला चहा दिला. तुझ्या नवऱ्याचा आवाज माझ्या मशीनमध्ये आहे, हे मी तेव्हाच तिला सांगायला हवं होतं. माझी जीभ रेटेना. तिनं कप धुऊन पालथा ठेवला आणि गेली.

नवे भाग आले होते. त्यांत मामा पडतच होता. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा ते हसू लावताना मला भरून आलं, पण मी लावलं. काम होतं. लोकांना यातलं काय ठाऊक? त्यांनी लिहिलं, झाडीतला माणूस दिवसेंदिवस जास्त भारी हसायला लागलाय. अगदी जिवंत वाटतो, असंही एकानं लिहिलं. मी तेव्हापासून प्रतिक्रिया वाचणं कमी केलं, पण बंद नाही केलं.

थंडी सुरू झाली होती. एका दुपारी त्याची बायको धावतपळत आली आणि पायरीवरच बसली. तिला धाप लागली होती. मी पाणी दिलं, ते तिनं हातातच धरून ठेवलं.

"ताई, तुमच्या त्या कार्टूनमदी माझा मालक हसतो," ती म्हणाली.

तिनं सगळं सांगितलं. पोर मामाकडून आली तेव्हा बाबा कुठंय म्हणून विचारायला लागली. आईच्या तोंडून ते बाहेर पडेना. "मी म्हनलं, रानात गेलाय. येईल. दुसरं काय बोलू?" पोरीनं मान डोलावली. बाप रानात जायचाच, तिला त्यात काही नवं नव्हतं. मग एक दिवस वाडीतल्या कुणाच्या तरी मोबाईलवर सगळे मिळून मामा-भाचे बघत होते. मामा आपटला आणि झाडीतून तो हसला.

"पैल्यांदा आमी समदी गप झालो," ती म्हणाली. "कोन बी काय बोलंना. सासूनं मोबाईल घेतला नि भुईवर उपडा ठिवला. तरी आतून हसतच व्हता. पोर तेवढी उठून नाचाया लागली. म्हनती, बाबा रानातून हसतोय, बाबा रानातून हसतोय!"

मी तिच्याशेजारी पायरीवर बसले. मला माझीच लाज वाटत होती.

तेव्हापासून ती पोर रोज दुपारी रानाच्या कडेला जाऊन उभी राहायची. बापासारखं हसायची आणि गप्प होऊन ऐकत बसायची. आधी कडेलाच थांबायची. मग थोडी आत गेली. आदल्या दिवशी ओढा ओलांडून पार कड्याखाली सापडली, दिवस मावळता मावळता. पाय काट्यांनी फाटले होते आणि चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता. लोक हाका मारत होते, त्यांना ओ दिली नाही. म्हणाली, तुमी गप बसा, मला ऐकू येत नाय.

"आज मी तिला खांबाला बांधून आली, ताई," बाई म्हणाली. "माझ्या लुगड्यानं. पोटच्या पोरीला. असं किती दिस बांधू? यक दिस सुटंल नि जाईल आत, मंग मला गावायची नाय ती." तिनं माझा हात धरला. "ते हसनं काढा. पाया पडते."

मी तिच्यासमोरच साहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "फार वाईट झालं, मॅडम. पण लोक त्या हसण्यासाठीच तर बघतात." मी म्हटलं, नव्या भागांत मी नाही लावणार. ते म्हणाले, बघू. आणि जुने? जुने लोकांनी मोबाईलवर उतरवून घेतलेत, ते कुणाच्याच हातात नाहीत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांना जे बोलले ते मामाच्या तोंडीही कधी घातलेलं नाही. फोन आपटला, पण त्यानं काय होणार होतं? हसू सुटलं होतं. ते आता वाडीवाडीत, खिशाखिशात होतं.

"अगं, तू खरं का सांगत नाहीस तिला?" मी चिडून बाईला म्हटलं. चीड माझी माझ्यावरच होती, निघाली तिच्यावर.

"तुमाला का नाय मला सांगता आलं, की तो तुमच्यापाशी हाय?" ती म्हणाली.

मी म्हटलं, पोरीला इथे घेऊन ये. मी तिला मशीन दाखवते. आवाज कसा भरून ठेवतात ते कळलं की तिचा नाद सुटेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी आल्या. पोरीच्या केसांना तेल लावलेलं होतं आणि मनगटावर लाल वळ होता. ती खोलीत आली, आधी टेबलाखाली वाकून पाहिलं, मग एका गादीची कड उचलून भिंतीकडे पाहिलं. मग माझ्या खुर्चीत चढून बसली. मी शहाण्यासारखी समजावत होते. हा माईक, ही फाईल, तुझा बाबा इथे दारात बसला होता, भाकरी खात होता. तिचं लक्ष नव्हतं.

"लाव," ती म्हणाली.

मी लावलं. गाद्यांच्या खोलीत बाहेरचा आवाज येत नाही, त्यामुळे तो हसला की अगदी जवळ हसतो. बाई भिंतीला टेकली.

"परत."

मी परत लावलं. पोरगी त्याच्याबरोबर हसली, अगदी हुबेहूब, श्वासाला श्वास. तिसऱ्यांदा हसली, चौथ्यांदा हसली. पाचव्यांदा ती मध्येच थांबली आणि तो हसत राहिला. सहाव्यांदा ती हसलीच नाही. डोकं एका बाजूला कलतं करून ऐकत बसली.

"ह्यो यकच हसतो," ती म्हणाली.

"म्हणजे गं?"

"बाबा मला बगून येगळा हसतो. आयला बगून येगळा. मी पडली की येगळा." तिनं पडद्याकडे बोट दाखवलं. "ह्यो समद्यांना यकच हसतो. ह्याला काय दिसत नाय."

मी ते बंद केलं. पोर खुर्चीत वळली आणि आईकडे बघत राहिली.

"आय, बाबा मेला?"

मला वाटलं, पुन्हा रानात म्हणेल. मी मध्ये बोलणार होते, पण कसं कोण जाणे, गप्प बसले.

"व्हय गं," बाई म्हणाली. "मेला."

"रानात नाय?"

"नाय. रानात नाय."

पोरीनं ते ऐकून घेतलं. मग तिनं साध्या आवाजात विचारलं, "मंग रानात मी हसली की परत कोन हसतं?"

मी घाईघाईनं म्हणाले, अगं, डोंगर आपलाच आवाज परत देतो, कड्याखाली तर हमखास देतो. पोरीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती आईचं तोंड बघत होती. बाई पुढे आली, तिनं पोरीला खुर्चीतून खाली घेतलं आणि तिचे दोन्ही खांदे घट्ट धरले.

"कोन बी असंल," ती म्हणाली. "आपला नाय त्यो. आपला मेला."

आणि मग ती रडली. इतक्या महिन्यांचं, खाली बसून, तोंडाला पदर न लावता. पोरगी तिच्यासमोर उभी होती. तिनं आईला थोडं रडू दिलं आणि मग आपला वळ उठलेला हात तिच्यापुढे धरला.

"आता मला बांदू नको," ती म्हणाली.