भिजलेल्या प्लास्टरचा पाडवा

दिवाळीच्या पाडव्याच्या सकाळी वॉर्डात पाऊल टाकलं आणि माझा पांढरा बूट पाण्यात गेला. पाणी कोमट होतं आणि त्याला उटण्याचा वास येत होता. त्या ओघळाचा माग काढत मी मागच्या व्हरांड्यात गेले. तिथे सहा नंबरचा पेशंट स्टुलावर बसला होता. अंगावर तेल चमकत होतं, डोक्यावर नवी टोपी होती, आणि बायको निरांजन लावलेलं ताट घेऊन त्याच्यापुढे उभी होती. त्याचा मांडीपर्यंत प्लास्टर घातलेला पाय दुसऱ्या स्टुलावर होता. ते प्लास्टर दुधात बुडवलेल्या पावासारखं झालं होतं.

मी अशी ओरडले की निरांजन विझलं.

ही गोष्ट एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमाराची. नगरच्या एका दवाखान्यात मी पुरुषांच्या हाडांच्या वॉर्डची सिस्टर होते. दिवाळीत हिंदू नर्सना सुट्टी मिळावी म्हणून आम्ही ख्रिस्ती नर्स त्यांची ड्यूटी करायचो आणि नाताळात त्या आमची करायच्या. ही अदलाबदल कुठल्याही नियमात नव्हती, पण वर्षानुवर्षं बिनतक्रार चालली होती. त्यामुळे पाडव्याला वॉर्ड माझ्या एकटीच्या गळ्यात होता.

सहा नंबरचा रंगनाथ आणि त्याची बायको हौसा पाथर्डीकडचे. श्रीगोंद्याच्या बाजूला ऊसतोडीला आले होते. सीझन नुकताच सुरू झाला होता. उसाने भरलेली बैलगाडी कलंडली आणि रंगनाथच्या नडगीची दोन्ही हाडं मोडली. मोडलेलं हाड आधी जागेवर बसवायचं आणि मग ते हलू नये म्हणून वरून प्लास्टर घालायचं, हे आमचं काम. बाकीचं काम हाड स्वतः करतं. पण पहिले काही आठवडे तो जोड फार कच्चा असतो. प्लास्टर भिजलं की मऊ पडतं, मऊ पडलं की हाड सरकतं, आणि तसंच जुळलं तर पाय जन्मभर वाकडा. वाकड्या पायाने ऊसतोड होत नाही.

मी पाय होता तसा धरला. शेजारच्या पेशंटच्या नातेवाइकांना हाका मारून रंगनाथला अलगद आत आणवलं, पायाच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या आणि मोठ्या डॉक्टरांना निरोप धाडला. हौसा ताट हातात धरून तशीच उभी होती.

"अगं, प्लास्टरला पाणी लावायचं नाही, हे तुला सांगितलं नव्हतं?"

"दगडागत घट झालं हुतं, बाई. मला वाटलं, आता पान्यानं काय व्हतंय?"

ती रडली नाही. रडली असती तर मला रागवायला सोपं गेलं असतं.

मोठे डॉक्टर आले. उत्तम सर्जन, पण जिभेवर साखर कधी ठेवली नाही. बायको वारल्याला बरीच वर्षं झाली होती, आणि दिवाळीत ते नेहमीपेक्षा जास्त वेळ दवाखान्यात काढत. त्यांनी प्लास्टरवर बोट टेकवलं. बोट आत गेलं.

"हा उद्योग कुणाचा?"

"माजा," रंगनाथ म्हणाला. "मीच पानी घेतलं अंगावर."

"न्हाई साहेब, म्या घातलं," हौसा म्हणाली.

"ही खोटं बोलतीया. हिला काय बी म्हायती न्हाई."

"पाठीला उटणंही तूच लावलंस का रे?" डॉक्टरांनी विचारलं.

रंगनाथने नवी टोपी कपाळावर ओढली. वॉर्डात कोणीतरी खुसकन् हसलं, पण डॉक्टर हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "सिस्टर, आजपासून नातेवाइकांनी वॉर्डात राहायचं नाही. हिला आत्ता बाहेर काढा. आणि हे सणाचं खूळ माझ्या वॉर्डात बंद."

बाहेर काढायची म्हणजे कुठे? ऊसतोडीची टोळी श्रीगोंद्याकडे, गावाकडच्या घराला कुलूप. आणि तो कॉटला जखडलेला.

"सर, तिचं नगरमध्ये कोणी नाही," मी म्हटलं.

"मग सकाळी विचार करायचा होता. नवरा-बायकोच्या प्रेमाला कॅलेंडरातला दिवस कशाला लागतो? बाकीचे दिवस काय करतात ही माणसं?"

हा प्रश्न माझ्यासाठी होता. उत्तर हौसाने दिलं.

"बाकीच्या दिसाला वखत कुटं असतो, साहेब? लग्नाला तीन वर्सं झाली. पाडव्याला आमी फडातच असतू. उजाडायच्या आधी ऊस तोडायला लागायचं, गाडी भरायची. ह्यास्नी बसवून डोक्याला तेल लावलंय, असं एकदा बी झालं न्हाई. ह्यो पयला पाडवा हाय की ह्यास्नी कुटं जायचं न्हाई."

डॉक्टरांनी पेशंटचा तक्ता उचलला आणि उगाचच वाचत राहिले. मला त्या बाईचं इतकं वाईट वाटलं की मी खिडकीबाहेर बघायला लागले.

एक्स-रे काढला. हाड थोडं सरकलं होतं. भूल देऊन पुन्हा बसवणं भाग होतं, पण भूल द्यायला पोट रिकामं लागतं, आणि रंगनाथने सकाळचा दूध-पाव खाल्ला होता. म्हणजे दुपारपर्यंत सगळ्यांनी वाट बघायची. डॉक्टरांनी खुर्ची ओढली. हौसाच्या ताटातल्या विझलेल्या निरांजनाकडे बघत बसले. मग एकदम म्हणाले, "सिस्टर, काडेपेटी आहे का?"

"आहे, सर."

"मग तिचं ओवाळून होऊ द्या. नाहीतरी बसूनच राहायचंय."

मी निरांजन लावून दिलं. हौसाने कुंकू लावलं, ओवाळलं. ताटात टाकायला रंगनाथजवळ काही नव्हतं. त्याने ताटातलीच सुपारी उचलली, कपाळाला लावली आणि परत ताटात ठेवली.

"पावलं," हौसा म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. डॉक्टर तोवर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले होते. पाठमोरे.

दुपारी हाड नीट बसलं. नवं प्लास्टर चढलं. हौसाला बाहेर काढायचं मी विसरले आणि डॉक्टरांनी आठवण केली नाही. रंगनाथचा मुक्काम लांबला, त्याचा तो सीझन बुडाला, पण पाय सरळ जुळला. जाताना तो माझ्यासमोर व्हरांड्यात मुद्दाम दोन फेऱ्या मारून गेला.

पुढच्या वर्षी वसुबारसेला मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावलं. म्हणाले, "सिस्टर, स्टोअरमधून जादा मॅकिंटॉश काढून ठेवा." मॅकिंटॉश म्हणजे गादी भिजू नये म्हणून कॉटवर घालतात ते रबराचं कापड.

"कशाला, सर?"

"पाडवा आहे ना? प्रत्येक प्लास्टरला गुंडाळा. तेल डोक्यालाच, अंग ओल्या फडक्याने पुसायचं, निरांजन ऑक्सिजनपासून लांब. बायकांना आदल्या दिवशी तुम्ही शिकवा."

मी शिकवलं. ख्रिस्ती सिस्टर हिंदू बायकांना पाडव्याचं ट्रेनिंग देते, म्हणून आमच्या मास्तरांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, घरी माझी भरपूर थट्टा केली. मग नाताळच्या आदल्या दिवशी स्वतःच तेलाची वाटी घेऊन माझ्यापुढे बसले. म्हणाले, आमचाही एक दिवस असू दे.

आता माझ्या नाती फेब्रुवारीत गुलाब आणतात आणि घरातली मोठी माणसं त्यांना ऐकवतात, प्रेमाला दिवस कशाला लागतो? ज्यांना रोज वेळ मिळतो त्यांनी खुशाल विचारावं. मी मात्र गुलाबासाठी पाण्याची बरणी काढून देते. माझ्या पेशाने मला एवढंच शिकवलं: असला दिवस बंद करू नये, आदल्या दिवशी प्लास्टरला रबर गुंडाळून ठेवावं.