एकोणचाळीस यजमान

"म्हाताऱ्याची पुतणी युरोपात नवरा शोधून राह्यली, अन् चाळीस जणांनी न्हाई म्हणलं," ही हकीकत पिंपळगाव रेणुकाईत आजही सांगितली जाते. सांगणारे माझे व्याही असल्यामुळे ती जुन्या जालन्यापर्यंत पोहोचली आहे. तिच्यात चाळीस हा आकडासुद्धा चुकीचा आहे.

माझ्या धाकट्या भावाच्या लेकीइतका हट्टी जीव भोकरदन तालुक्यात दुसरा जन्मलेला नाही. बियाण्याचा फोटो पाहून दाणा उगवेल की नाही हे संगणकाने ओळखावे, या विषयात तिने डॉक्टरेट मिळवली आणि पुढच्या संशोधनासाठी युरोपात जागा शोधू लागली. डाव्या मनगटावर आपली वेळ, उजव्यावर तिकडची. दुपारी भाकरी थापताना ती मध्येच हात धुवायची. "मोठे बाबा, तिकडं नऊ वाजले. साहेब टपाल उघडून राह्यले असतील." मग गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर चढायची, कारण नेटवर्क तिथेच येई. प्रत्येक प्राध्यापकाचे तीन-तीन निबंध वाचून मगच ती लिहायची, आणि नकार आला की आभार मानून निबंधातली चूक कळवायची.

"अगं, जागा मागून राह्यली का भांडून राह्यली?"

"चूक ती चूक. बिलकुल सोडायची न्हाई."

हा गुण तिने कोणाकडून उचलला, हे सांगण्याची मला गरज वाटत नाही.

मराठी बोलताना इंग्रजी शब्द येऊ द्यायचा नाही, हे तिचे आणखी एक खूळ. तिकडची अभ्यासवृत्ती मागायची तर तिथल्या एका प्राध्यापकाने 'हिला मी माझ्याकडे घेतो' असे आधी लेखी द्यावे लागते. त्याला इंग्रजीत होस्ट म्हणतात. पुतणीने त्याचे यजमान केले. शब्द निर्दोष होता. जागा तेवढी चुकली. माझ्या लेकीच्या मुलाच्या बारशात विहीणबाईंनी विचारले, "मंग बाई, आता पुढं काय?"

"यजमान शोधून राह्यले, काकू. एकोणचाळीस जणांना लिहिलं."

"एकोणचाळीस?"

"अडतीस जण न्हाई म्हणले. एकाचा होकार यायचा हाय."

पाळण्याची दोरी विहीणबाईंच्या हातात तशीच राहिली.

हसणाऱ्यांना ठाऊक नव्हते की अर्जाची मुदत आठ दिवसांवर आली होती, आणि यजमान न मिळाल्यास हा नाद सोडून तासिका तत्त्वावर शिकवायला जाईन, असा शब्द तिने वडिलांना दिला होता. ती जेवेनाशी झाली. खरे सांगायचे तर मीही एकदा हळूच विचारले, "पोरी, कोण हाय तो?" ती हसली नाही, रागावलीही नाही. उठून टाकीवर चढली. ते अजून बोचते.

सहाव्या दिवशी उत्तर आले. एकोणचाळिसाव्या पत्रात तिने नकाराची वाटही न पाहता चूक कळवली होती: त्यांच्या संगणकाने डाग पडलेली, पण चांगली ज्वारी सडकी ठरवली होती. उत्तर एका ओळीचे होते. 'ये आणि दुरुस्त कर.'

ती गेली. आता घरात माझे बोलणे कोणी खोडून काढत नाही. इतके बरोबर असण्याची मला सवय नाही. व्याही मात्र भेटले की डोळे मिचकावतात, "काय, जावई कसे हाएत?" त्यांच्यासाठी एवढेच लिहून ठेवतो की तिला उतरवून घ्यायला स्टेशनावर स्वतः आलेले यजमान त्रेसष्ट वर्षांच्या बाई आहेत.