चारुलताताईंची झांज

जवळच्या चौमू गावचे पाच किलो मटार घेतले होते. परातीत निम्मेच सोलून झाले होते, तेवढ्यात चारुलताताई गच्चीवर आल्या, समोर बसल्या आणि शेंगा फोडू लागल्या. म्हणाल्या, "काल मी गायले नाही, म्हणून रागावलीस ना?"

त्यांची ही गोष्ट आज वहीत लिहून ठेवते.

ताई आमच्या जयपूरच्या दुर्गापुऱ्यातल्या शेजारी. यजमान वसंतराव रेल्वेत गार्ड होते. बदली होऊन भुसावळहून आले ते इथलेच झाले. तिलक नगरला आम्ही मराठी बायका दर रविवारी आरतीला जमतो. बावीस वर्षं पुढे होऊन आरती म्हणायची ती ताईंनीच. दिवाळीनंतर त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि महिनाभर एक शब्द बोलायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. "गाडी सिग्नलला उभी आहे, तोवर मी बोलून घेतो," असं वसंतराव म्हणायचे. ताई पाटीवर लिहायच्या, 'सिग्नल पडू दे, गाडी सुटली की बघते.'

थट्टा चालायची, पण आतून त्यांना एकच खात होतं. तोंडाने म्हटलं नाही तर देवाला पोचतं का? आणि आवाज परत आलाच नाही, तर आपण कोण?

सकाळी घंटा नाही, स्तोत्र नाही, देवघरासमोर त्या नुसत्या बसू लागल्या. आठवड्याने पाटी माझ्यापुढे धरली: 'मनातसुद्धा मी बायकांचे सूर तपासते. कोण चुकली, कोणी माझ्याकडे पाहिलं. देव बिचारा कडेला.' लिहून स्वतःच हसल्या, आवाज न करता. पुढे पुढे पाऊण तास बसायच्या. उठल्या की चेहरा झोप पुरी झालेल्या माणसासारखा.

परवा डॉक्टरांनी गायला परवानगी दिली. तरी काल त्यांनी सून अश्लेषाला पुढे केलं. ती जयपुरातच वाढलेली, मराठी अडखळत बोलणारी. दुसरं कडवं संपलं आणि तिने थेट शेवटचं धरलं. निम्म्या बायका तिच्यामागे, निम्म्या तिसऱ्यात. सगळ्यांनी ताईंकडे पाहिलं. मीही. ताईंनी डोळे उघडले नाहीत. त्यांच्या हातातली झांज तेवढी वाजत राहिली, ठोका एकसारखा. त्या ठोक्यावर अश्लेषा थांबली, मागे आली आणि तिसरं कडवं म्हणू लागली.

"रागावले नाही हो," मी म्हटलं. "पण तुम्हाला राहवलं कसं?"

"तेच तर बघायचं होतं. सगळ्या माझ्याकडे बघताहेत हे डोळे मिटून कळत होतं, पण काही टोचलं नाही." त्यांनी एक किडका दाणा बाजूला टाकला. "इतकी वर्षं वाटायचं, गाते ती मी. मतलब, तसं नाहीये गं. गप्प बसते ती मी. तिला गाता येतं, एवढंच."

खालून वसंतरावांची हाक आली, "अगं, सिग्नल पडलाय ना आता? चहाचं बघ की."

"तुम्हीच टाका, दोन कप," ताई वरूनच म्हणाल्या, खणखणीत. मग पदरावरची सालं झटकून उठल्या. काल वाजवता वाजवता झांजेची दोरी तुटायला आली होती. नवी आणायला त्या बाजारात गेल्या.