उसवून शिवणारी मिता

फोन आला तेव्हा मी नांदेडच्या बसस्थानकावर किनवटच्या गाडीची वाट बघत होते. पायाशी खादीची दोन ठाणं होती. मिताच्या वडिलांचा फोन. “वैशाली बाई...” मग म्हणाले, “आपली मिता गेली गं.” डेंग्यूच्या तापानं तिला तीन दिवसांपूर्वी लातूरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. त्याच सकाळी ती माझ्याशी बोलली होती, “तू कापड घेऊन पुढं जा, मी आठ दिवसांत येतेच.” समोर लातूरची गाडी सुटत होती. मी धावले, मग ठाणं मागंच राहिली म्हणून परत फिरले, तोवर गाडी गेलेली. पुढच्या गाडीत जागा होती, पण लातूरपर्यंत मला बसवलं नाही. आता दीड महिना झाला, तरी एका जागी बसवत नाही. लिहिताना दोनदा उठून आले...

संघमित्रा तिचं पूर्ण नाव. निलंग्याची. वडील एसटीत कंडक्टर, आई घरी ब्लाऊज शिवायची. मी त्याच तालुक्यातल्या शेतकरी घरातली. लातूरला फॅशन डिझाइनच्या कोर्सला आम्ही दोघी एका खोलीत राहिलो. तिला बसणं ठाऊक नव्हतं. कटिंग उभ्यानं, जेवण उभ्यानं. बोलता बोलता समोरच्याच्या बाहीची शिवण चाचपून बघायची. कोर्स संपल्यावर बाकीच्या मुली पुण्या-मुंबईला गेल्या. मितानं लातुरातच एक शटरचं दुकान भाड्यानं घेतलं आणि मला ओढलं. ती म्हणायची, “आपल्याकडचंच कापड घ्यायचं, पण पोरींना ते रोज कॉलेजात घालून जाता आलं पाहिजे.” इरकलीचे शर्ट, खणाच्या पँटी. एक बाई दुकानात येऊन म्हणाली, “हे आजीचं लुगडं फाडलं का काय गं?” मिता म्हणाली, “हाव, आजीला विचारूनच फाडलं.”

एकदा मात्र तिनं विचारलं नाही.

नांदेडच्या एका व्यापाऱ्याकडे तिला बंजारा बायकांच्या जुन्या कांचळ्या, म्हणजे त्यांच्या भरतकामाच्या चोळ्या मिळाल्या. आरसे, कवड्या आणि डोळ्यांनी मोजता येणार नाही इतका बारीक टाका. मितानं त्या कापून खादीच्या जाकिटांच्या पाठीवर बसवल्या. पुण्यातल्या प्रदर्शनात सगळी जाकिटं पहिल्याच दिवशी संपली. एका मोठ्या दुकानानं आणखी मागवली. आम्ही हवेतच होतो. मिताला वाटलं, हा टाका ज्यांचा आहे त्यांनाही दाखवावं. म्हणून एक जाकीट घेऊन आम्ही किनवटच्या जंगलातल्या एका तांड्यावर गेलो.

तिथं सोनाबाई नावाच्या वयस्कर बाई होत्या. सगळा तांडा त्यांना याडी म्हणायचा, म्हणजे आई. त्यांनी जाकीट मांडीवर घेतलं, पाठीवरून हात फिरवला, आणि एका जागी बोट थांबलं.

“हे माझ्या बहिणीच्या हातचं हाय. लग्नाच्या आधी भरत व्हती. मी सुईत दोरा ओवून द्यायची.”

“आम्ही विकत घेतलंय ते, याडी,” मी घाईघाईनं म्हणाले.

“इकलं ते इकलं. तिची अडचण व्हती, इकलं. पण तुमी कापलं काहून?”

मिता परतीच्या गाडीत जागा असून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी दुकानात आले, तर ती जमिनीवर मांडी घालून तयार जाकिटं उसवत होती. तिला इतका वेळ एका जागी बसलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

“येडी झालीस का मिते? आठ दिवसांवर माल द्यायचाय!”

“वैशे, मी विचारलं नाही गं.”

“कोणाकोणाला विचारत फिरणार?”

“ज्यांचं हाय त्यांना.”

मी पर्स उचलली आणि निघाले. चार महिने तिचं तोंड बघितलं नाही. निलंग्याला एका शाळेत शिवणकाम शिकवायला लागले. ऑर्डर हातची गेलीच. कानावर यायचं, मिता दर पंधरा दिवसांनी किनवटला जाऊन राहते. त्या कांचळीचे तुकडे जोडून तिनं ती सोनाबाईंच्या बहिणीला नेऊन दिली. बहीण म्हणाली, “वाकडं जोडलंस,” आणि शेजारी बसवून तिला टाका शिकवायला लागली. तिथूनच नवं काम निघालं. खादी आधी जाकिटाच्या मापानं कापायची, आणि त्यावर कुठं काय भरायचं ते तांड्यावरच्या बायकांनी ठरवायचं. आतल्या बाजूला भरणारीचं नाव.

मग एका दुपारी तिचा फोन आला. “वैशे, बायका म्हणतेत काखेतला कट चुकला, हात वर होत न्हाई. ये ना. तुझं कटिंग लई चांगलं हाय.” मी गेले. भांडणाबद्दल ती बोलली नाही, मीही नाही. तूच बरोबर होतीस, एवढं तीन शब्दांचं वाक्य... पुढची दोन वर्षं रोज समोरासमोर काम केलं, आणि मी ते बोलले नाही. टोचतं ते हेच.

दोघी मिळून तांड्यावर शेवटचं गेलो, तेव्हा सोनाबाई म्हणाल्या, “मला बी एक शिव. बाजारला घालून जाईन.” सुना हसल्या. याडी हसत नव्हत्या. टेप आम्ही लातूरलाच विसरलो होतो. मितानं त्यांना उभं केलं आणि पाठीवर वितीनं माप घेतलं. गुदगुल्या होऊन याडी अंग चोरत होत्या. त्या आठवड्याच्या शेवटी मिताला ताप भरला.

मिताच्या पुण्यानुमोदनाला, तिच्या स्मरणाच्या विधीला, सोनाबाई एवढ्या लांबून सुनेला घेऊन आल्या. मिताच्या आईजवळ बराच वेळ बसल्या. निघताना मला म्हणाल्या, “माझं जाकीट राहिलं, बाई.”

मी मिताची वही काढली. “याडी. खांदा दोन विती. उंची तीन विती चार बोटं.” कुठंही इंच नाही. माझा हात तिच्यापेक्षा मोठा आहे. कापड पसरलं, घडी केली, पुन्हा पसरलं. दोन दिवस कात्री लावता आली नाही. शेवटी कापड आणि वही घेऊन निलंग्याला गेले आणि मिताच्या आईच्या पलंगावर खादी अंथरली. वहीतली ओळ वाचून दाखवली. जन्मभर ब्लाऊज शिवलेल्या बाईला जास्त सांगावं लागलं नाही. त्यांनी कापडावर अंगठा टेकवला, करंगळी ताणली. मग करंगळी जराशी आत घेतली.

“एवढी होती,” त्या म्हणाल्या. “कर खूण.”

मी खडूनं खूण केली. त्यांनी हात उचलला आणि पुढची वीत ठेवली.